दुसऱ्या कर्जदाराची सही

परळ,
६ ऑगस्ट २०२४

चि. हितू,

आशीर्वाद लिहायचा हक्क मला उरला आहे की नाही ठाऊक नाही, म्हणून सरळ कामाचंच लिहिते. पत्ता दीपककडून घेतला. तुझा मामेभाऊच आहे, त्याच्यावर रागावू नकोस. तुझा फोन नंबर द्यायला तो तयार झाला नाही. "पत्र लिही वहिनी, फाडायचं असेल तर फाडेल," म्हणाला.

बातमी चांगली आहे. घराचं कर्ज फिटलं. काल सकाळी शेवटचा हप्ता गेला. तू आणि तुझ्या दादांनी दोन हजार चार साली मिळून काढलेलं वीस वर्षांचं कर्ज आणि मधलं ते वाढीव कर्ज, दोन्ही एकाच महिन्यात संपली.

मला वाटत होतं, हप्ता संपला की सगळं संपलं. बँक आपणहून घराचे कागद पाकिटात घालून पाठवेल. तसं नसतं. आज दादरच्या शाखेत जाऊन आले. तिथे श्रेया म्हणून एक मुलगी आहे, आपल्या मधुराहून लहान. चांगली आहे. मला बसायला दिलं, पाणी आणून दिलं आणि काय काय करायचं ते कागदावर लिहून दिलं. आधी बँकेकडून 'येणे बाकी नाही' असं पत्र घ्यायचं, दोन्ही कर्जांचं वेगवेगळं, आणि त्यावर खातं बंद झाल्याची तारीख आहे ना ते बघायचं. मग घराचे मूळ कागद, म्हणजे करार, नोंदणीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. पानं मोजून घ्यायची, घाईत सही करून यायचं नाही. तेव्हा आपण सह्या करून कोरे चेक दिले होते, ते परत मागायचे. खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी रद्द करायची. सरकारी नोंदीत घरावर बँकेचा बोजा चढवलेला असतो, तो उतरला का विचारायचं. सोसायटीच्या रजिस्टरला आणि घराच्या विम्यावरही बँकेचं नाव आहे, ते काढून घ्यायचं. आणि महिना-दीड महिन्याने दोघा कर्जदारांनी आपापला क्रेडिट रिपोर्ट काढून बघायचा. हे शेवटचं ती लिहीत होती तेव्हा मी पर्स उघडून उगाच चष्मा शोधत बसले.

मी म्हटलं, "मग आज देता कागद?"

"काकी, कर्ज दोघांच्या नावावर आहे ना. मनमोहन तुळसकर आणि हितेंद्र तुळसकर."

"मनमोहन माझे मिस्टर. दीड वर्षापूर्वी गेले."

"सॉरी काकी. मग वारसांच्या वतीने तुम्ही, आणि दुसऱ्या कर्जदाराने स्वतः यायचं. सरांची सही लागेल. मी फाईल मुख्य रेकॉर्डमधून मागवून ठेवते."

महिन्याभरात कागद द्यायचे असा बँकेला नियम आहे, त्यामुळे तेही घाईत आहेत. तर तू एक दिवस ये. घरी यायला हवं असं नाही. बँकेतूनच परत जा. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त एक सही आहे.

तुझी वहिनी


परळ,
१७ ऑगस्ट २०२४

चि. हितू,

पोचपावती परत आली. तिच्यावर 'कालिंदी तुळसकर' अशी सही आहे. म्हणजे लग्न झालं हे दीपकने सांगितलं ते खरं. अक्षर छान आहे तिचं.

उत्तर मात्र नाही.

मंगळवारी सकाळी श्रेयाचा फोन आला. "काकी, एक छोटासा प्रॉब्लेम आहे. दोन हजार चौदाच्या टॉप-अपच्या फॉर्मवर हितेंद्र सरांची सही मूळ करारावरच्या सहीशी जुळत नाही."

मी म्हटलं, "दहा वर्षांत माणसाची सही बदलते."

"हो, म्हणून तर मॅनेजर सरांना त्यांनाच समोर बघायचंय. ते येऊन बोलले की झालं. तुम्ही होतात का तेव्हा, ते सही करत होते तेव्हा?"

मी नाही म्हटलं.

हितू, ती सही कोणी केली ते तुला माहीत आहे. तुझ्या दादांच्या तोंडून तू ते ऐकलंस आणि घर सोडून गेलास. ते बरोबर नव्हतं हे मला मान्य आहे. पण तेव्हाची परिस्थिती तू पाहिली नाहीस. तू बोटीवर नोकरीला होतास, फोन लागत नव्हता, कर्जाच्या एजंटला शनिवारपर्यंत कागद हवे होते आणि मधुराच्या कॉलेजची जागा जात होती. आता दादा नाहीत. त्यांना कोणी काही करू शकत नाही. तू एवढंच म्हण की सही माझीच आहे, घाईत केली होती. दोन वाक्यं. त्यात तुझं काही जात नाही.

मला फार भीती वाटते रे. मोबाईलमध्ये विचारलं, खोटी सही केली तर काय होतं. वर्षांचे आकडे आले. मग ते विचारलेलं पुसायचं कसं ते कळेना, म्हणून मोबाईल बंद करून डाळीच्या डब्यामागे ठेवला. आता मधुरा नाशिकहून शेजारी राधाबाईंकडे फोन करते, आईचा फोन का लागत नाही म्हणून.

काल एक पोलीस जिना चढून आला. दारावरची माणसाची सावली आणि ती टोपी बघितली आणि मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसले. नळ सोडून ठेवला, म्हणजे बेल ऐकू आली नाही असं सांगता येईल. राधाबाईंच्या सुनेचा पासपोर्ट होता. त्यासाठी त्याला शेजाऱ्याची सही हवी होती. राधाबाई मागाहून म्हणाल्या, "नलूताई, होतात कुठे? दोनदा बेल मारली त्याने." मी म्हटलं, डोकं धूत होते. तर म्हणाल्या, "मग केस कोरडे कसे?"

हे वाचून हसलास तरी चालेल. पण ये.

वहिनी


परळ,
२६ ऑगस्ट २०२४

हितू,

तुझं पत्र मिळालं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पाच ओळींचं पत्र आता पाठ झालंय.

"वहिनी, पहिलं पत्र मी वाचलं नाही. दुसरं कालिंदीने वाचून दाखवलं. दादासाठी मी खोटं बोलणार नाही. तो असता तरी बोललो नसतो. सोमवारी दोन तारखेला अकरा वाजता बँकेत येतो, सही माझी नाही आणि ती दादाने केली असं लिहून देतो, नंतर त्या घराशी माझा संबंध नाही. हितेंद्र."

तीन दिवस ते पत्र ब्लाउजमध्ये घेऊन फिरते आहे. बाजारात जाते, परत येते. काल भाजीवालीला पन्नासची नोट देऊन पिशवी न घेताच निघाले. तिने हाक मारली तर मी पळाले, हितू. साठीची बाई, कोथिंबीर टाकून पळाले.

तू लिहून देशील. कायमचं. बँकेच्या फाईलमध्ये तुझ्या अक्षरात राहील की मनमोहन तुळसकरने भावाची खोटी सही केली.

ती त्यांनी केलेली नाही.

हे वाक्य लिहून मी उठले होते. आता दुपार झाली आहे. परत बसते.

सही मी केली.

जून महिना होता. मधुराला फिजिओथेरपीला जागा मिळाली होती, खाजगी कॉलेजात, आणि पैसे आठ दिवसांत भरायचे होते. घरावर आणखी थोडं कर्ज मिळेल म्हणून एजंट आला, फॉर्म ठेवून गेला. जिथे सह्या करायच्या तिथे पेन्सिलने फुल्या मारून दिल्या होत्या. तुझ्या दादांनी त्यांच्या फुल्यांवर सह्या केल्या आणि मला म्हणाले, "हितूला फोन कर. त्याला सगळं सांग. हो म्हणाला तर कोचीला बोट लागेल तेव्हा कागद पाठवू."

मागच्या पत्रात मी लिहिलं, फोन लागत नव्हता. लागत होता. रविवारी तुझाच फोन आला. वीस मिनिटं बोललो आपण. तुला आठवत असेल तर आठवून बघ. तू कल्याणच्या फ्लॅटबद्दल सांगत होतास. म्हणालास, "वयनी, दोन वर्षांत माझा घर घेतलंय बघ. तोपर्यंत दुसऱ्या कशात नाव अडकवायचा नाय." आणि मी म्हटलं, घे रे बाबा, तुझं घर झालं की मी सुटले. फॉर्म माझ्यासमोर टेबलावर होता. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला होता, पंख्याने उडू नये म्हणून.

मी विचारलं नाही, कारण तू काय म्हणशील ते कळलं होतं.

तुझी सही मला येते. तुला सही करायला मीच शिकवलं. सासूबाई गेल्या तेव्हा तू नऊ वर्षांचा आणि मला या घरात येऊन चार महिने झालेले. कॉलेजात जाताना तुझं पहिलं खातं उघडलं, तेव्हा सहीत 'ह'ची शेपटी तू पार ओळीखाली न्यायचास आणि मी हात धरून आखूड करायला लावली होती. त्या दिवशी आधी जुन्या वहीवर पाच-सहा वेळा काढली. मग फॉर्मवर. हात कापत होता म्हणून शेपटी लांबली. तीच आता जुळत नाही.

दादांना सांगितलं, हितूला विचारलं, कोचीहून कुरिअरने सही होऊन आली. त्यांनी पाकीटसुद्धा मागितलं नाही. मी बोलले की त्यांना पुरायचं.

पुढच्याच वर्षी त्यांच्या ऑफिसात पगार रखडले. सात-आठ हप्ते उशिरा गेले. ते तुझ्याही नावावर चढतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हे खरं सांगते. बाकी सगळं माहीत होतं, एवढंच नव्हतं.

आणि मग तू आलास, हातात तुझ्या फ्लॅटच्या कर्जाला बँकेने दिलेला नकार घेऊन. कल्याणच्या बिल्डरने बुकिंगचे पैसे बुडवले होते, ठरत आलेल्या लग्नाला मुलीकडच्यांनी नकार कळवला होता. चप्पल न काढता आत आलास. "दादा, माझ्या नावावर दुसरा कर्ज कसला? मी खय सही केलंय?" तुझे दादा जेवत होते. त्यांनी तो कागद डाव्या हाताने घेतला. वाचला. मग वर बघितलं, तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. किती वेळ बघितलं असेल? तू आणखी एकदा ओरडायच्या आत. मग पाटावरून न उठता म्हणाले, "सही मियां केलंय. काय करतलंस?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. तू म्हणालास, "वयनी, तू मधी पडा नको." आणि मी मधे पडले नाही. तू त्यांच्या सदऱ्याला हात घातलास, भाताचं ताट उपडं झालं, आणि मी खाली बसून शितं गोळा करायला लागले.

त्यानंतर पाच वर्षं ते माझ्याबरोबर राहिले. त्या सहीबद्दल एक शब्द काढला नाही. मी काढायची वाट बघत होते का, ते मला कळलं नाही कधी. मधुराला मी तीच गोष्ट सांगितली जी तू ऐकलीस. ती दोन वर्षं बापाशी धड बोलली नाही. सुट्टीत यायची, त्यांनी आणलेला ओला हरभरा तसाच टेबलावर ठेवून जायची.

ते गेले तेव्हा तू भोईवाड्याच्या स्मशानात फाटकापाशी उभा होतास. निळा शर्ट. मी पाहिलं होतं. तेव्हा चालत तिथपर्यंत यायला पाहिजे होतं.

सोमवारी मी दहालाच बँकेत जाऊन बसेन आणि मीच सांगेन. ते पोलिसांना बोलावोत, काय करायचं ते करोत. हे पत्र मिळून तुला यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. मला भीती वाटते. बँकेचीही वाटते, पण तुझ्या चेहऱ्याची जास्त.

नलिनी


परळ,
४ सप्टेंबर २०२४

चि. हितू,

तू समोर होतास, तरी लिहिते. कारण तू सगळा वेळ माझ्याकडे बघायचं टाळत होतास, आणि जे मी केलं नाही तेही तुला कळायला हवं.

मी दहाला गेले होते. सांगायचं ठरवून गेले होते. श्रेयाने चहा मागवला आणि मी तिला वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं मुलांच्या अक्षराबद्दल सांगत बसले, म्युन्सिपाल्टीच्या शाळेत मी किती मुलांचं अक्षर सुधारलं त्याबद्दल. जीभ तिकडे वळतच नव्हती. मग काचेतून तू येताना दिसलास. केस पांढरे झालेत. खिशातून माझ्या पाकिटाचं टोक दिसत होतं. "पत्र मिळालं," एवढंच म्हणालास आणि एक खुर्ची सोडून बसलास.

मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावून फॉर्म तुझ्यापुढे सरकवला. "ही तुमची सही?"

तू ते पान किती जवळ धरलंस. मला वाटलं फाडणार.

"नाही."

"मग कोणाची आहे?"

तेव्हा एकदाच बघितलंस माझ्याकडे. थांबलास. दादा जिथे बोलले होते तिथे तू थांबलास.

मी म्हटलं, "माझी." आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी "काय?" म्हणून विचारलं आणि मला परत म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं जास्त कठीण असतं.

त्यांनी चष्मा काढला. श्रेयाला दार लावायला सांगितलं. मला वाटलं, आता. ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका होतात ना?" ह्याच्यापेक्षा त्यांनी पोलीस बोलावले असते तर सोपं गेलं असतं.

मग ते तुझ्याशी बोलायला लागले, जणू मी उठून गेले होते. कर्ज पूर्ण फिटलंय, बँकेचा एक रुपया बुडालेला नाही, पण तुम्ही तक्रार केलीत तर मला वर कळवावं लागेल. नसेल करायची तर तसं लेखी द्या. "लिहा, माझी कोणतीही तक्रार नाही."

तू पेन हातात घेतलंस आणि तसंच धरून ठेवलंस. श्रेयासुद्धा खाली बघत होती.

"तक्रार आहे," तू म्हणालास. "बँकेकडे नाही."

"तेवढं लिहा," ते म्हणाले.

तू लिहिलंस तेव्हा मला रडू आलं नाही. आलं ते तू करारनाम्याची पानं मोजत होतास तेव्हा. बोट जिभेला लावून, एकेक पान. माझ्यासाठी मोजत होतास की सवयीने, देव जाणे. शेअर सर्टिफिकेट तू उजेडाकडे धरून बघितलंस. सहा कोऱ्या चेकपैकी दोनच सापडले, तर उरलेले रद्द केल्याचं पत्र आत्ताच हवं म्हणून तू अडून बसलास. मी एकटी असते तर तशीच उठून आले असते.

बाहेर फुटपाथवर मी म्हटलं, घरी चल, दोन घास खाऊन जा. नको म्हणालास. गणपतीच्या खरेदीची गर्दी, हमालाची पाटी तुझ्या खांद्याला लागली, तरी तू हललास नाहीस.

"दादा नंतर काय म्हणालो तुका?"

"काही नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

तू दुकानाच्या बंद शटरकडे तोंड केलंस. मला तुझी पाठ दिसत होती. "सात वर्षां मी तेका…" म्हणालास आणि पुढचं गिळलंस. मी हात पुढे केला होता. लावला नाही.

मग वळून विचारलंस, मधुराला माहीत आहे का. मी नाही म्हटलं.

"मग तिला सांग. घर-बिर माका नको. माफी नको. तिला सांग. फोनवर नाय, समोर बसवून."

आज बुधवार. अजून सांगितलेलं नाही. कामं करते आहे. 'येणे बाकी नाही'ची दोन्ही पत्रं घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेले, सेक्रेटरींनी रजिस्टरमधलं बँकेचं नाव लाल शाईने खोडलं आणि शेजारी तारीख घालून सही केली. हप्ता कापायची परवानगी रद्द केली. विमा कंपनीला पत्र टाकलं. बोजा उतरायला थोडे दिवस लागतील, श्रेया कळवणार आहे. करारनाम्याच्या दोन झेरॉक्स काढल्या. तिसरी कशाला काढली ते मला माहीत नाही. झेरॉक्सवाल्याकडे उभी होते तोपर्यंत फोन करावा लागत नव्हता, म्हणून असेल.

तुला भ्याले त्याच्या कितीतरी पट मी त्या मुलीला भिते. तू निदान दीर आहेस.

वहिनी


परळ,
२८ सप्टेंबर २०२४

चि. हितू,

सांगितलं.

तिला बोलावून घ्यायलाच मला दोन आठवडे लागले. गणपती होऊ दे म्हटलं, मग अनंत चतुर्दशी होऊ दे म्हटलं. परवा संध्याकाळी ती आली. हातपाय धुऊन बाहेर आली तर मी टेबलावर घराचे सगळे कागद मांडून बसले होते. ती हसली. "काय गं आई, प्रदर्शन लावलंयस?" मी तिला आधी सगळं दाखवलं. हा करार, ही पावती, हे बोजा उतरल्याचं, हे नुकतंच आलं. ती म्हणाली, बरं झालं बाई, सुटलीस. मी म्हटलं, बस.

तुला लिहिलं होतं तसंच सांगितलं. काही गाळलं नाही. टेबलावरचा तो पाण्याचा ग्लाससुद्धा सांगितला. दवाखान्यात पेशंटचं ऐकते तशी ऐकत होती, हनुवटी हातावर ठेवून. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे माझ्या फीचे पैसे?"

"हो."

"आणि बाबांना कळलं होतं? त्याच वेळी?"

"त्याच वेळी."

"आणि त्यानंतर पाच वर्षं तू त्यांना रोज जेवायला वाढत होतीस?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तेच तर केलं.

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लावलं नाही. रडणं मला ऐकू येऊ नये म्हणून तिने काही केलं नाही, आणि मीही कान झाकले नाहीत. मग बाहेर येऊन म्हणाली, "मी त्यांना शेवटचं काय बोलले होते माहितीये? त्यांनी विचारलं, रिक्षापर्यंत येऊ का? मी म्हटलं, काही गरज नाही."

काल दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. जेवली, भांडी घासली. तुझा क्रेडिट रिपोर्ट कसा दुरुस्त होतो ते तिने श्रेयाला स्वतः फोन करून विचारलं. कर्ज बंद झाल्याचं दिसायला हवं, ते न दिसल्यास अर्ज करायचा. पण उशिराच्या हप्त्यांची नोंद अर्ज करून जात नाही, ती खरी आहे. काळाने जाईल तेव्हा जाईल, असं श्रेया म्हणाली. मधुराने ते सगळं तुझ्यासाठी एका कागदावर लिहून घेतलंय. घरातला तुझा अर्धा हिस्सा तुझ्या नावावर आहे आणि तसाच राहील, हे मी सांगते. तुला नको असला तरी.

आज सकाळी ती म्हणाली, "काकांचा पत्ता दे."

मी दिला. ती उद्या निघते आहे, सुट्टी वाढवून घेतली. मला चल म्हणाली नाही. मी विचारलं नाही. दारात उभी राहून तिने विचारलं, "ते मला घरात घेतील?" तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी ओळखली. मी इतके दिवस तीच घेऊन फिरते आहे. माझ्यामुळे ती आता तिच्याकडे गेली.

मी म्हटलं, घेतील. हे मी तुला न विचारता बोलले आहे. या वेळी पत्राने विचारायला वेळ नाही, आणि तू नाही म्हणशील अशी भीतीही आहे, म्हणून आधीच कबूल करते.

पत्र पोस्टात टाकत नाही, तिच्याच हातात देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. तिने वाटेत वाचलं तरी चालेल.

गाडी कुडाळला सकाळी पोहोचते. तिने तुझं घर पाहिलेलं नाही, स्टेशनवरून विचारत विचारत येईल. कालिंदीला सांग, मधुरा फार तिखट खात नाही. तिच्याशी दादाबद्दल बोल. लहानपणी तुम्ही दोघं काय काय करायचात ते सांग, मला माहीत नाही ते. तिला बापाचं फारसं काही ऐकायला मिळालेलं नाही.

माझ्याबद्दल विचारलं तर खरं ते सांग.

वहिनी